आर्यमदिरामंडळाचे नवे सभासद

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, नाटककाराच्या निधनानंतर अवघ्या महिन्याभराने रंगभूमीवर आले. सिंधूच्या हालांनी त्या नाटकाने मराठी प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्या रडविल्या, आणि तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाने तितक्याच पिढ्या हसविल्या. त्या मंडळाचे सभासद केवळ पिणारे नव्हते, हे हसण्याच्या भरात आपण विसरतो. पिणारे जगात पूर्वीही होते व पुढेही राहतील. मंडळाचा खरा उद्योग होता तो पिण्याला सभा, ठराव, युक्तिवाद आणि प्रतिष्ठा मिळवून देण्याचा. गडकऱ्यांनी प्याल्याइतकाच त्या प्याल्याच्या वकिलीवरही आसूड ओढला होता.

ते मंडळ बरखास्त झाले असा आमचा समज होता. अलीकडे मात्र ते नव्या नावाने आणि नव्या वेषात भरलेले दिसते. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुरांत आणि तरुणांच्या प्रश्नमंजूषांत ‘तुम्हांला हे ठाऊक आहे काय?’ अशा मथळ्याखाली बिअरच्या गमतीजमती नित्य वाढल्या जातात. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना वेतन म्हणून बिअर मिळे. सुमेरियन लोकांत बिअरची स्वतंत्र देवता होती. मध्ययुगात युरोपातील मुलेबाळेही पाण्याऐवजी बिअर पीत. आणि आपल्या वेदांतील सुरा म्हणजे तरी दुसरे काय होते? असे हे चकचकीत खडे ओंजळीत भरून घेतले की शेवटी एक निष्कर्ष आपोआप हाती येतो: बिअर म्हणजे काही दारू नव्हे.

हा निष्कर्ष खोटा आहे आणि तो पसरविण्यात कोणाचा तरी नफा आहे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ह्या गमतीजमतींचे मूळ पाहू. जगातील सर्वांत खपाऊ ‘ठाऊक आहे काय’ ग्रंथ म्हणजे गिनेस बुक. त्याचा जन्म कोणत्याही विद्यापीठात झाला नाही. १९५१ साली गिनेस ह्या आयरिश बिअर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर शिकारीला गेले असता युरोपातील शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी सर्वांत वेगवान कोणता, ह्यावर वाद झाला आणि उत्तर कोणत्याच ग्रंथात सापडेना. असे वाद आपल्या गिऱ्हाइकांत दारूच्या गुत्त्यांमधून रोज रात्री झडत असणार, तेव्हा ते मिटविणारे पुस्तक कंपनीनेच काढले तर उत्तम जाहिरात होईल, हे त्या चतुर गृहस्थाने ओळखले. १९५५ साली पहिली आवृत्ती निघाली. पुस्तक उपयुक्त ठरले ह्यात शंका नाही; पण टेबलावर चर्चा रंगावी, बैठक लांबावी आणि पेला पुन्हा भरला जावा, हा त्यामागील हिशेब लपलेला नाही. बिअर आणि चुटकेवजा माहिती ह्यांची सोयरीक अशी जुनी आहे. ह्यापुढे कोणी बिअरचा इतिहास गमतीने सांगू लागला, तर त्या गमतीचे बिल कोण भरतो हे आधी विचारावे.

आता त्या खड्यांची एकेक करून पारख करू. पिरॅमिडच्या मजुरांचे उदाहरण खरे आहे. इजिप्तमध्ये भाकरी आणि बिअर हा शिधा होता. अबायडोस येथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा बिअरचा कारखाना सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले, आणि तेथे एका वेळी सुमारे २२,४०० लिटर बिअर तयार होत असावी असा संशोधकांचा अंदाज आहे. परंतु तो शिधा म्हणजे धान्याचा आंबविलेला दाट पेय-आहार. उन्हात दगड ओढणाऱ्याच्या पोटाला आधार देणारा. वातानुकूलित खोलीत, जेवण झाल्यावर, कोणताही दगड न ओढता रिचविल्या जाणाऱ्या बाटलीशी त्याचे नाते किती? आंबील आपल्याकडेही आंबवितात. म्हणून आंबिलीचा दाखला देऊन कोणी गुत्ता उघडत नाही.

मध्ययुगात पाणी घाण असल्याने सारा युरोप बिअरच पीत होता, ही तर सर्वांत लाडकी कथा. वास्तविक त्या काळातील नगरे पाण्यासाठी पैसा ओतीत होती. लंडनमध्ये दूरच्या झऱ्याचे पाणी नळाने शहरात आणण्याचे काम १२४५ साली सुरू झाले. पाणी कोणीच पीत नव्हते, तर ते नळ कोणासाठी घातले?

बव्हेरियातील १५१६ सालचा ‘शुद्धतेचा कायदा’ असाच मिरविला जातो. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी ह्यांखेरीज काही घालू नये, असा तो हुकूम. शुद्धतेचे किती हे प्रेम! हुकूम पुरता वाचला तर त्यात बिअरचे भाव बांधून दिलेले आढळतात, आणि गहू भाकरीसाठी राखून ठेवणे हाही त्यामागील एक हेतू मानला जातो. म्हणजे राज्यकर्त्याची चिंता पोटाची आणि बाजाराची होती. त्याही आधी, हम्मुराबीच्या संहितेत बिअरच्या मोबदल्यात धान्य नाकारून फसव्या मापाने चांदी घेणाऱ्या गुत्तेवालीला पाण्यात फेकण्याची शिक्षा सांगितली आहे. हे दाखले चुटके म्हणून सांगितले जातात. आमच्यासारख्या, हयात सरकारी फायलींत घालविलेल्या माणसाला ते अबकारी प्रशासनाचे पूर्वज वाटतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या शासनालाही ह्या धंद्यावर कायद्याची नजर ठेवावीशी वाटली, हा त्या चुटक्याचा खरा अर्थ आहे.

आणि एक चुटका तर असा आहे की तो हसत सांगणाऱ्याची आम्हांस कीव येते. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये ‘बिअरचा महापूर’ आला! टॉटनहॅम कोर्ट रोडवरील म्यू कंपनीच्या कारखान्यातील २२ फूट उंचीचे लाकडी पिंप फुटले, लाखाहून अधिक गॅलन बिअर रस्त्यांतून वाहिली, असे सांगून मंडळी डोळे मिचकावतात. पुढचे सांगत नाहीत. पिंपाचा लोखंडी पट्टा निखळल्याचे दुपारीच लक्षात आले होते. त्यात काही विशेष नाही म्हणून ते तसेच ठेवले गेले. ती लाट शेजारच्या सेंट जाइल्समधील गरिबांच्या वस्तीत घुसली. तेथे एका तळघरात दोन वर्षांच्या आयरिश मुलाच्या मृतदेहाजवळ नातलग शोक करीत बसले होते. त्यांपैकी काहींचा तेथेच अंत झाला. एकूण आठ जण मेले, सर्व स्त्रिया आणि मुले. चौकशीत तो दुर्दैवी अपघात ठरला. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेले अबकारी शुल्क कंपनीला परत मिळाले. मृतांच्या घरच्यांना कंपनीने भरपाई द्यावी असे कोणी ठरविले नाही. माहितीची गंमत करावयाची म्हटले की असे होते: पिंपाची उंची उरते आणि माणसे गळतात.

बिअरच्या कारखान्यांनी विज्ञानाला दिलेले देणे आम्ही नाकारीत नाही. लुई पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हानसेनने १८८३ साली शुद्ध यीस्ट वेगळे केले आणि तेथेच सोरेनसेनने १९०९ साली आम्लता मोजण्याचे पी-एच माप दिले. संख्याशास्त्रातील ‘स्टुडंट’ची सुप्रसिद्ध कसोटी मांडणारा गॉसेट हा गिनेसचा नोकर. हे सर्व थोर आहे. पण पी-एच मापामुळे बिअर थोर होत नाही; नाहीतर तोफांमुळे धातुशास्त्र पुढे गेले म्हणून युद्धालाही विद्यापीठ म्हणावे लागेल.

आता घराकडे वळू. ‘आपल्या प्राचीन ग्रंथांतही बिअर आहे’ असे सांगणाऱ्यांना आम्ही म्हणतो, अवश्य आहे. पण ग्रंथ पुरता वाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मेदक नावाच्या पेयाची कृती दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. धान्य, पाणी आणि किण्व. म्हणजे आजच्या भाषेत तांदळाची बिअरच. परंतु कौटिल्य तिला कोणत्या प्रकरणात घालतो? आहाराच्या नव्हे, औषधाच्या नव्हे, तर सुरेच्या. त्याच प्रकरणात मद्यगृहातील गिऱ्हाइकांच्या खर्चावर हेरांनी नजर ठेवण्याची व्यवस्था आहे. धान्यापासूनच्या सुरेला आपल्या शास्त्रकारांनी ‘पैष्टी’ असे स्वतंत्र नाव दिले, तेही सुरेचाच एक प्रकार म्हणून. ती पिष्टाची आहे, सबब सुरा नव्हे, असली पळवाट काढण्याची चतुराई त्यांना सुचली नाही.

आमच्या उज्जयिनीच्या साहित्यातही मद्य भरपूर आहे. ‘मालविकाग्निमित्रा’तील राणी इरावती मदाच्या भरात रंगमंचावर येते. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात कोळ्याला मिळालेल्या बक्षिसाचा अर्धा वाटा राजाचे रक्षक घेतात आणि नवी मैत्री साजरी करावयास सगळे मिळून कलालाच्या दुकानाची वाट धरतात. ‘मृच्छकटिक’ तर ह्याच नगरीतील. परंतु ह्या कवींनी मद्याला मद्य म्हटले आणि त्याच्या अमलाखालील माणसाला हसण्याचा विषय केले. सरकारी चाकराने बक्षिसीच्या पैशाने पिणे हे कालिदासाला संस्कृतीचे लक्षण वाटले नाही, तर उपहासाचे वाटले.

आणि काळभैरव? महाकालाच्या ह्या कोतवालाला मद्याचा नैवेद्य चढतो, तो पाहावयास देशभरातून माणसे येतात आणि तेही आता एक ‘ठाऊक आहे काय’ होऊन बसले आहे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी विजयासाठी आपली पगडी ह्या देवाला वाहिली, असे परंपरा सांगते; तेव्हा क्षिप्राकाठच्या मराठी घराण्यांना हे स्थान परके नाही. नवरात्रातील महाअष्टमीला चोवीस खांबा मातेला जिल्हाधिकाऱ्याच्या हस्ते मद्य अर्पण होते आणि तेथून सुमारे २७ किलोमीटरच्या नगरपूजेत मडक्यातून मद्याची अखंड धार सोडली जाते, हेही आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. काहीजण ह्या परंपरेचाच आधार घेऊन म्हणतात, देव घेतो तर आम्ही का नको? त्यांस आमचे उत्तर असे की, त्या पूजेत मद्याला मद्यच म्हणतात. ते केव्हा, कोणी, कोणाला, किती आणि कोणत्या विधीने अर्पावयाचे ह्याला मर्यादा आहे. ‘ही सौम्य आहे, ही चालते’ असे काळभैरवाच्या पुजाऱ्याने आजवर कोणास सांगितलेले आम्ही ऐकले नाही.

सौम्य! सारा घोळ ह्या एका शब्दाने घातला आहे. म्हणून थोडे अंकगणित. देशातील अन्नसुरक्षा मानकांनुसार, जी १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली, ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर साधी आणि त्याहून अधिक, ८ टक्क्यांपर्यंतची, ‘स्ट्राँग’. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा वाटा ह्या दुसऱ्या प्रकारचा आहे. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेल्यात तो साधारण २५.७ मिलिलिटर भरतो. म्हणजे एक बाटली ‘सौम्य’ बिअर म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. जो मुलगा ‘आई, मी फक्त एक बिअर घेतली’ असे सांगतो, तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला हा गुणाकार कोणी शिकविलेला नसतो. यकृताला बाटलीचा आकार कळत नाही. मद्य हे कर्करोगाला कारण ठरणारे आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच ठरविले, त्यात बिअर वगळलेली नाही. आणि मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले.

दुर्दैवाने हा शब्दांचा खेळ खेळणाऱ्यांत सरकारेही आहेत. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे, बिअरसाठी मात्र २१. आमच्या मध्य प्रदेशात दुकानालगत बसून पिण्याचे अहाते १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले, त्याचे आम्ही स्वागतच केले. दोन वर्षांनी, १ एप्रिल २०२५ रोजी, उज्जैनसह १९ धार्मिक स्थळांतील दारूची दुकाने बंद झाली. आणि त्याच दिवशी लागू झालेल्या अबकारी धोरणाने उर्वरित राज्यात एक नवी जात निर्माण केली: ‘कमी मद्यार्काचे’ बार, जेथे १० टक्क्यांपर्यंतची बिअर, वाइन आणि तत्सम पेये मिळावीत. अहात्याला दार लावून बारला खिडकी उघडली. वस्तू व सेवा करातून मद्य वगळलेले असल्याने राज्यांच्या हाती राहिलेले हे मोठे उत्पन्न आहे, हे आम्ही जाणतो. तिजोरीची अडचण आम्हांस कोणी शिकवावयास नको. पण अडचण आहे तर ‘आम्हांला महसूल हवा’ असे म्हणावे. ‘ही सौम्य आहे’ असे म्हणू नये.

ह्याच संदर्भात आणखी एक अन्याय नोंदविला पाहिजे. झाबुआ-अलीराजपूरचा भिल्ल मोहाची दारू गाळतो. ती त्याच्या देवाची, लग्नाची, मयताची वस्तू. मुंबई इलाख्यातील १८७८ च्या अबकारी कायद्याने आणि त्याच्या भावंडांनी असल्या घरगुती गाळण्याला गुन्हा ठरविले. तिला हातभट्टी म्हणून हिणविण्यात आपण सुशिक्षितही मागे नव्हतो. एडवर्ड डायरने कसौलीच्या थंड टेकडीवर बिअर गाळली तो मात्र उद्योग ठरला. २०२२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ असे नाव देऊन परवानगी दिली, तेव्हा कोठे तिला वारशाचा मान मिळाला, तोही इंग्रजी शब्दात. कोणाची आंबवण संस्कृती आणि कोणाची विकृती, हे पेल्यावरून नव्हे तर पिणाऱ्याच्या कपड्यांवरून ठरते, असा ह्याचा अर्थ नव्हे काय?

जाहिरातीची कथा थोडक्यात सांगतो. २००० साली दूरचित्रवाणीवरील मद्याच्या थेट जाहिरातींना बंदी झाली. लगेच त्याच नावांचे सोडा आणि बाटलीबंद पाणी पडद्यावर अवतरले. २००३ पासून किंगफिशरची दिनदर्शिका निघू लागली. दोन वर्षांनी त्याच नावाचे विमानही उडाले. विमान कंपनी २०१२ साली बसली, नाव मात्र डोक्यात बसून राहिले. पूर्वी चित्रपटात पेला खलनायकाच्या हाती असे; आता मित्रांच्या गप्पांत बिअरची बाटली नायकाच्या हाती असते आणि ती मैत्रीची खूण ठरते. गमतीजमतींच्या बरोबरीने हे चालले आहे.

आम्ही दारूबंदीचे पुरस्कर्ते आहोत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यानंतर तेथे हातभट्ट्यांचे काय झाले, हे आपल्या नातेवाइकांकडून आपण ऐकले आहे. आमच्या शहरातील दुकाने बंद झाली म्हणून पिणे थांबले, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. हद्दीबाहेर जावयास मोटारसायकल पुरते. आमचा आग्रह एवढाच की, वस्तूला तिच्या नावाने हाक मारावी. बालसरा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानेही मद्याच्या कायदेशीर व्याख्येत बिअर येते हे मान्य केले होते. न्यायालयाला जे कळले ते आमच्या घरांना कळू नये?

कारण प्रश्न शेवटी घरांचाच आहे. शिंदेशाहीच्या दफ्तरांबरोबर, पागांबरोबर आणि देवस्थानांच्या सेवेबरोबर आपली घराणी माळव्यात आली. कलालीची पायरी चढणे हा त्या घरांत बोभाटा होता. आता पुण्या-बंगळूरहून सुटीला आलेली नातवंडे गच्चीवर बाटल्या उघडतात आणि वडीलधारी मंडळी ‘बिअरच तर आहे’ असे म्हणून जिना उतरतात. साखरपुड्याच्या आदल्या रात्री तीच बैठक आणि तेच वाक्य. ज्या घरातील मुलाने व्हिस्की घेतली तर आई अन्न टाकील, त्याच घरातील फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी बिअर थंड होत असते. सिंधूचे दुःख आपल्याला समजते, कारण सुधाकराच्या हाती ‘प्याला’ होता. त्याच्या हाती बाटली असती आणि तिच्यावर सोनेरी चिठ्ठी असती, तर बहुधा आपणही जिना उतरलो असतो.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची विनंती अशी. नातवंडांशी बोलताना उपदेश नको, पण लाजही नको. बाटलीवरील टक्केवारी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि वरील गुणाकार त्यांनाच करावयास सांगावा. त्यांनी पिरॅमिडची गोष्ट सांगितली, तर त्यांना सेंट जाइल्सच्या तळघराची गोष्ट सांगावी. आपल्या कार्यांत जे वाढावयाचे ते उघड वाढावे आणि जे उघड वाढण्याची लाज वाटते ते गच्चीवरही नेऊ नये. ज्याला घ्यावयाची त्याने ती दारू म्हणून घ्यावी आणि आपण काय करतो आहोत हे जाणून घ्यावी. तेवढे झाले तरी आर्यमदिरामंडळाची नवी शाखा आपल्या घरातून उठली असे आम्ही समजू.